उत्तर बरोबर, पण अर्थ?

‘लुंबट झिरप्या कोरट्याला भेंडवत होता.’ लुंबट कोणाला भेंडवत होता? कोरट्याला. पूर्ण गुण! वाक्य मात्र कोणालाच कळलेलं नाही. इंग्रजीच्या उताऱ्यावर अनेक मुलं हेच करतात: प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ वहीत उतरवायची.

वाचनाचे अभ्यासक फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये एक सूत्र मांडलं. आकलन म्हणजे लिहिलेला शब्द वाचता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्याजवळ गेली की उत्तरही तिथेच. घडाघडा वाचणारं मूल म्हणूनच फसवतं.

शिवाय विषयाची माहिती लागते. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. कोल्हापुरात तर हे आयतंच आहे. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलवर किंवा खासबागेतल्या कुस्तीवर आठ-दहा ओळी इंग्रजीत लिहा. पेनल्टी काय, चितपट काय, हे मुलांना ठाऊक असतं. झुंजायचं ते फक्त इंग्रजीशी. बर्फवृष्टीचा उतारा नंतर, आणि तोही आधी बर्फाबद्दल मराठीत बोलून.

उताऱ्यातले शंभर शब्द मोजा. मुलांनी एकट्याने वाचायचा असेल, तर त्यांत अनोळखी शब्द दोनच्या आसपास असावेत. दहा झाले की धागा तुटतो. वर्गात मिळून वाचताना ज्यांच्यावाचून अडतं असे चार-पाच शब्द फळ्यावर पुरे. मग मूकवाचन, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर पुस्तक मिटून दोन वाक्यांत मराठीत सांगणं. इथे मराठीला बंदी घातली, तर मुलाला समजलं नाही की इंग्रजीत बोलता येत नाही, हे शिक्षकांना कळणार कसं?

खरा वेळ द्यायचा तो न लिहिलेल्या गोष्टींना. ‘रवी शुक हिज अंब्रेला ॲट द डोअर. हिज मदर लुक्ड ॲट द क्लोथ्सलाइन अँड रॅन.’ पाऊस कुठेही लिहिलेला नाही. आई का धावली, या प्रश्नाला शब्द जुळवून उत्तर मिळत नाही; छत्री आणि दोरीवरचे कपडे एकत्र आणावे लागतात. दुसऱ्या ‘हिज’पासून रवीपर्यंत पेन्सिलीने बाण काढायला लावा. सर्वनाम भलत्याला चिकटलं की पुढची अख्खी गोष्ट बिघडते.

कवितेत मुलं यमक डोळ्यांनी जुळवतात. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ यांच्या स्पेलिंगचं शेपूट एकच, उच्चार वेगळे. ‘ब्लू’ आणि ‘थ्रू’ यांचं नेमकं उलट. तेव्हा आधी मोठ्याने वाचा, मगच यमक जुळणाऱ्या ओळींपुढे सारखी अक्षरं (अ, ब, अ, ब अशी) मांडा. सॉनेट, म्हणजे केशवसुतांनी मराठीत आणलेलं सुनीत, चौदा ओळींचं. पण ओळी मोजून थांबलो तर हाती काय लागलं? शेक्सपिअरच्या पद्धतीत चार-चार ओळींचे तीन गट आणि शेवटी दोन ओळी. विचार बहुधा त्या दोन ओळींत वळतो. इटालियन पद्धतीत आठ आणि सहा, वळण नवव्या ओळीच्या सुमारास. पुढच्या ओळी कागदाने झाका आणि आता काय येईल ते विचारा. रचनेची माहिती इथे अर्थाच्या कामी येते. एवढं झालं की कवितेत ‘आय’ (मी) म्हणणारी व्यक्ती म्हणजे कवीच, असं परस्पर लिहिणाऱ्यांना ‘कशावरून?’ म्हणून विचारा आणि ओळ दाखवायला लावा.