मरणाऱ्या स्टेम सेल्स आणि इम्यून रिस्पॉन्स
बोन मॅरो, चरबी किंवा नाळेतून काढून लॅबमध्ये वाढवलेल्या मेझेनकायमल स्टेम सेल्स, म्हणजे एमएससी, शिरेतून दिल्या की त्या शरीरात जाऊन राहतात, वाढतात आणि बिघडलेला भाग दुरुस्त करतात असं बऱ्याच जणांना वाटतं, सुरवातीला संशोधकांचाही तोच अंदाज होता. पण या पेशी आकाराने मोठ्या, त्यामुळे बऱ्याचशा फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांमध्येच अडकतात आणि एक-दोन दिवसांत मरतात. तरी इम्यून सिस्टिमवरचा परिणाम त्यानंतरही टिकतो, कारण त्यातला मोठा भाग या मरण्यातूनच येतो.

पेशी अपॉप्टोसिसने, म्हणजे न फुटता ठरलेल्या टप्प्यांनी, मेली (हे नाव 1972 मध्ये केर, वायली आणि करी यांनी रूढ केलं) की एरवी आवरणाच्या आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरीन हे स्निग्ध द्रव्य बाहेर दिसायला लागतं, ते ओळखून मॅक्रोफेज आणि मोनोसाइट या इम्यून सिस्टिमच्या पेशी तिला गिळतात आणि गिळल्यावर स्वतःच बदलतात, आयएल-10 आणि टीजीएफ-बीटा हे इम्यून सिस्टिमला शांत करणारे पदार्थ सोडतात, शिवाय आयडीओ नावाचं एन्झाइम वाढवतात जे ट्रिप्टोफॅन हे अमिनो अ‍ॅसिड संपवतं, मग टी सेल्सची, म्हणजे हल्ला करणाऱ्या इम्यून पेशींची, वाढ मंदावते.

याचा सगळ्यात ठोस पुरावा ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट आजारातून आला, ज्यात ट्रान्सप्लांटमधून आलेल्या डोनरच्या टी सेल्स पेशंटच्याच शरीरावर हल्ला करतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या टीमने 2017 मध्ये दाखवलं की शरीरातल्या मारक पेशी परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही प्रोटीन्स वापरून एमएससींना मारतात, आणि ज्या पेशंटच्या रक्तात ही मारायची ताकद जास्त होती त्यांनाच ट्रीटमेंट लागू पडली. म्हणजे थेरपी कुणाला द्यायची हे आधी रक्त तपासून ठरवता येऊ शकेल, आणि माझ्या मते या सगळ्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पुढे 2021 मध्ये उंदरांच्या अस्थमावरच्या प्रयोगात बॅक आणि बॅक्स ही जीन्स काढलेल्या, अपॉप्टोसिस न होणाऱ्या एमएससी दिल्या तर फायदा कमी झाला.

मरण्याचा प्रकार मात्र महत्त्वाचा. नेक्रोसिसमध्ये पेशी फुटते, आतलं एटीपी आणि एचएमजीबी1 अशी धोक्याचा इशारा देणारी द्रव्यं बाहेर सांडतात आणि सूज उलट वाढू शकते, म्हणून फ्रीझ केलेल्या पेशी वितळवताना फार जपावं लागतं. जिवंत एमएससी सुद्धा इम्यून सिस्टिमला आवरणारे पदार्थ सोडतातच, ते काम यात वेगळं धरायचं. आणि हे सगळ्या स्टेम सेल्सना लागू नाही, बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल्स जगल्या, रुजल्या तरच उपयोग.