ॲक्युपंक्चर, वंध्यत्वोपचारातील

वंध्यत्वावरील आधुनिक उपचारांना, मुख्यतः आयव्हीएफला (शरीराबाहेर फलन करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या पद्धतीला), जोड म्हणून योजली जाणारी चिनी सूचिचिकित्सा. ठरावीक बिंदूंवर बारीक पोलादी सुया टोचून त्या साधारण २० ते ३० मिनिटे तशाच ठेवतात. कधी त्यांतून सौम्य विद्युत्‌प्रवाह सोडतात.

सुया टोचण्याची प्रथा किती जुनी, यावर एकमत नाही. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाच्या (बर्फात टिकून राहिलेल्या मानवी शवाच्या) अंगावरील गोंदणखुणा या बिंदूंशी जुळतात, असे काही अभ्यासक म्हणतात. मात्र गोंदण आणि सूचिचिकित्सा एक मानण्यास तेवढे साम्य अपुरे आहे. चीनमधील मावांग्‌द्वे येथील इ. स. पू. १६८ मधील थडग्यात मिळालेल्या वैद्यकीय लेखांत नाड्यांचे, म्हणजे शरीरातील प्राणशक्तीचे मानल्या गेलेल्या मार्गांचे, वर्णन आहे, पण त्यांवर उपचार सांगितला आहे तो शेकाचा; सुईचा नाही. त्यामुळे या शास्त्राची बांधणी इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांच्या सुमारास झाली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्याच सुमाराच्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात चौदाव्या वर्षी स्त्रीची ‘रन’ नाडी मोकळी होते, ‘छोंग’ नाडी भरते आणि ती गर्भधारणेस समर्थ होते, असे म्हटले आहे. वंध्यत्वावरील बिंदूंची निवड आजही याच दोन नाड्यांच्या आधाराने केली जाते. सुश्रुतसंहितेतील कर्णवेध व सिरावेध हे विधी वेगळ्या हेतूंचे असून त्यांत या पद्धतीचा उगम पाहणे योग्य नाही.

आधुनिक संशोधनात स्वीडनमधील योटेबोरी येथे १९९६ मध्ये १० स्त्रियांवर झालेला प्रयोग वारंवार उल्लेखिला जातो. विद्युत्‌सूचीनंतर गर्भाशयाच्या रोहिण्यांतील रक्तप्रवाहाचा अवरोध कमी झालेला आढळला. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता. खरी चालना मिळाली ती जर्मनीतील उल्म येथील पाउलुस व सहकाऱ्यांच्या २००२ मधील चाचणीने. प्रत्येकी ८० स्त्रियांच्या दोन गटांपैकी एका गटाला गर्भाशयात भ्रूण सोडण्यापूर्वी व नंतर २५-२५ मिनिटे सुया लावल्या. त्या गटात ३४ जणींना गर्भधारणा झाली, दुसऱ्यात २१ जणींना. नंतरच्या सत्रात हाताच्या अंगठ्याजवळचा ‘हगू’ आणि घोट्याच्या आतल्या बाजूस चार बोटे वर असलेला ‘सानयिन्‌ज्याओ’ हे बिंदूही होते. परंपरेने हे दोन्ही गरोदरपणी वर्ज्य आहेत. पाचव्या शतकातील वैद्य श्यू वन्‌बो याच्याविषयीच्या कथेत याच बिंदूंवर सुया टोचून गर्भपात घडवल्याचे सांगितले आहे. भ्रूण सोडल्यानंतर ते टोचावेत का, यावर चिकित्सकांत वाद आहे.

त्याहून मोठा वाद तुलनेच्या पद्धतीचा. उल्ममधील दुसऱ्या गटाला केवळ विश्रांती मिळाली होती. सुईचा परिणाम कोणता आणि आपुलकीने मिळालेल्या वेळेचा कोणता, हे त्यातून वेगळे करता येत नाही. म्हणून टोक आत सरकणारी, त्वचा न भेदणारी खोटी सुई वापरात आली. हाँगकाँगमधील २००९ च्या चाचणीत खोट्या सुईच्या गटात गर्भधारणा ५५.१ टक्के, खऱ्या सुईच्या गटात ४३.८ टक्के झाली. खोटी सुईही बिंदूवर दाब देऊन परिणाम करत असावी, असा खुलासा काही जण करतात. पण तो मान्य केल्यास नेमक्या बिंदूचे आणि सुई किती खोल जावी याचे महत्त्वच उरत नाही. २००८ मध्ये ७ चाचण्या व १,३६६ स्त्रियांच्या एकत्रित विश्लेषणाने लाभ दाखवला होता. २०१३ मध्ये १६ चाचण्या व ४,०२१ स्त्रिया विचारात घेतल्यावर तो एकूणात दिसला नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ स्त्रियांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण खऱ्या सुईने १८.३, खोट्या सुईने १७.८ टक्के आले. याच चाचणीला अधिक वजन द्यावे लागते, कारण तिने केवळ गर्भधारणा नव्हे, तर बाळाचा जन्म मोजला. उपचार घेणारी स्त्री ज्याची वाट पाहते, ते मोजमाप तेच.

पीसीओएसबाबत (बीजमोचन अनियमित करणाऱ्या बीजांडकोशांच्या विकाराबाबत) चीनमध्ये १,००० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (२०१७) क्लोमिफीन या बीजमोचन घडवणाऱ्या औषधाचा लाभ स्पष्ट झाला. सुयांनी त्यात भर पडली नाही. पुरुष वंध्यत्वावरील चाचण्या लहान आहेत.

निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया असल्यास सहसा किरकोळ रक्तस्राव वा काळानिळा डागच संभवतो. आयव्हीएफच्या तारखा मात्र सुयांसाठी पुढे ढकलू नयेत. वाढत्या वयात गेलेले महिने भरून येत नाहीत.

भारतात या पद्धतीचा प्रसार डॉ. बिजयकुमार बसू यांच्यापासून धरतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यासह १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते. पुढे चीनमध्ये शिकून त्यांनी कोलकात्यात हे उपचार सुरू केले. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे.