पडून राहिलं की झोप येते?

"डोळे मिटून पडान रव, येतली झोप." मालवणकडे हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आजीची माया खरी, सल्ला मात्र चुकीचा.

पडून राहिल्यावर काय होतं? परड्यात धप्प आवाज येतो. नारळ की चोर, हा तपास अर्धा तास चालतो. मग मोबाईल बघायचा: २ वाजून १० मिनिटं. आत्ता झोपलो तर पावणेचार तास मिळतील. २:२५ ला पुन्हा वजाबाकी! झोपेचा असा पाठलाग केला की ती आणखी लांब पळते. शिवाय रोज अंथरुणात तळमळत राहिलं की अंथरूण म्हणजे जागरण, अशी मेंदूची सवयच होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये उलटा उपाय मांडला, आणि निद्रानाशाच्या उपचारात तो आजही वापरतात. साधारण २० मिनिटांत डोळा लागला नाही, तर सरळ उठा. घड्याळ न बघता, अंदाजानेच. मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की परत या. सकाळी उठायची वेळ रोज एकच, आणि दुपारची वामकुक्षी बंद (कोकणात हेच खरं कठीण).

फक्त मध्यरात्री पांढरी बनियन घालून ओटीवर बसू नका. समोरच्यांना देवचार दिसल्यासारखं वाटतं, मग त्यांचीही झोप जाते.