बायको बायपास करून घरी येते तेव्हा

डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती: 'तीन महिने जड वस्तू उचलू नयेत.' घरी येऊन तिसराच आठवडा चालू होता. हिने पाच लिटरच्या कुकरला हात घातला आणि मी ओरडलो. ती म्हणाली, "अहो, कुकर काय जड असतो का?" पस्तीस वर्षं रोज उचललेली गोष्ट तिच्या लेखी जड नव्हतीच. मी तो कुकर डाळ-तांदळासकट वजनकाट्यावर ठेवला. साडेचार किलो भरला. आम्हाला सांगितलेली मर्यादा होती दोन किलोंची.

ही मर्यादा का असते, हे समजलं की ती पाळणं सोपं जातं. बायपासमध्ये छातीच्या मधोमध असलेलं उरोस्थी हे चपटं हाड करवतीने उभं कापतात आणि काम झालं की दोन्ही भाग स्टीलच्या तारांनी बांधतात. तारा कायमच्या आतच राहतात, पण हाड तारांमुळे जुळत नाही. तारा फक्त कडा हलू देत नाहीत. जुळण्याचं काम शरीर करतं: फटीतल्या गोठलेल्या रक्तात पेशी शिरतात, तंतूंचा कच्चा सांधा तयार होतो, मग त्यात कॅल्शियम भरून त्याचं हाड होतं. याला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण पक्कं व्हायला सुमारे तीन महिने. हात मोडला तर प्लास्टर घालून तो स्थिर ठेवता येतो. छाती मात्र श्वासागणिक हलते, दिवसाला वीस हजारांच्या आसपास वेळा. हलत्या जागी हाड सांधायचं असतं.

आणि इथेच स्वयंपाकघर आडवं येतं. छातीचे मोठे स्नायू या हाडाच्या दोन्ही कडांना चिकटलेले असतात. हात पुढे किंवा बाजूला ताणून जोर लावला की ते कडा एकमेकींपासून दूर ओढतात. म्हणजे प्रश्न फक्त किलोंचा नाही. कणीक मळणं, ओली चादर पिळणं, घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडणं यात उचलायचं वजन जवळजवळ नसतं, पण ओढ भरपूर असते. पाण्याची भरलेली बादली पंधरा किलोंची, गॅसचा भरलेला सिलिंडर जवळजवळ तीस किलोंचा, त्यांच्या वाटेला जाऊच नये. याउलट कोपरं बरगड्यांशी टेकवून, वस्तू अंगाजवळ धरून केलेल्या हलक्या कामाचा ताण खूप कमी येतो. कोथिंबीर निवडायला, ताट वाढायला बंदी घालायचं काहीच कारण नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. हाडात टक् असं जाणवलं किंवा जखमेतून पाणी आलं, तर मात्र पुढच्या तपासणीची वाट न बघता सर्जनकडे जायचं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. स्तनांच्या वजनाने टाके खाली आणि बाजूला ओढले जातात. म्हणून समोरून उघडणारी, नीट आधार देणारी ब्रा वापरायला सांगतात, बहुतेकदा रात्रीसुद्धा. वॉर्डातल्या सिस्टरने हे मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. हा विषय नवऱ्यांना कुणी सांगत नाही आणि नवरे विचारत नाहीत.

हिला चौदा वर्षांचा मधुमेह. बायपासमध्ये बहुधा छातीच्या आतली डावी रोहिणी हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीला जोडतात, कारण ती टिकते उत्तम; दहा वर्षांनंतरही दहातल्या नऊ चालू असतात. पण हीच रोहिणी उरोस्थीलाही रक्त पुरवत असते, त्यामुळे काही काळ हाडाचा रसद-पुरवठा घटतो. त्यात रक्तात साखर जास्त असली की जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम भरून काढणारं कोलॅजेनही नीट विणलं जात नाही. ऑपरेशननंतरच्या दिवसांत साखर १८०च्या आत ठेवण्याचा आग्रह असतो तो यासाठी.

घरी आल्यावर मात्र उलटीच भीती जास्त. तोंडाला चव नसते, जेवण निम्मं होतं आणि इन्सुलिन तेवढंच राहतं. एका रात्री दोन वाजता मला जाग आली तेव्हा हिची मान घामाने ओली होती. साखर निघाली ५८. सत्तरच्या खाली गेली की पंधरा ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट मदत बोलवायची. बायपासनंतर हृदयाची गती आवरायला बहुतेकांना बीटा ब्लॉकर देतात. त्या गोळीमुळे साखर उतरल्याची थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतोच. शेजारी झोपणाऱ्या माणसाला हे माहीत असायला हवं.

सकाळचं वजनही तसंच. लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ती चरबी नसते, साठलेलं पाणी असतं. दम लागण्याआधी काटा सांगतो. नाडी अचानक वेडीवाकडी पडू लागली, तरी लगेच कळवावं. बायपासनंतर साधारण चौघांत एकाला हृदयाची लय बिघडण्याचा त्रास होतो, बहुतेकदा पहिल्याच आठवड्यात.

हे सगळं शिकलो, वहीत रकाने आखले, तरी माझी एक मोठी चूक झाली. मी तिला काहीच करू देईना. संडासाच्या दारापर्यंत हात धरून नेत होतो. जिना उतरून अंगणात चालायला फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं, मी आज ऊन आहे, उद्या वारा आहे असं म्हणून टाळत होतो.

या भीतीवर स्टॅनफर्ड विद्यापीठात एक सुंदर प्रयोग झाला होता. १९८५ साली तो प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा त्या चमूत होते. हृदयविकाराचा झटका येऊन तीन आठवडे झालेले तीस पुरुष ट्रेडमिलवर चालणार होते. दहा बायकांनी ती चाचणी पाहिली नाही. दहा जणींनी पाहिली. उरलेल्या दहा जणींनी पाहिली आणि नंतर नवऱ्याने गाठलेल्या पातळीवर स्वतः तीन मिनिटं चालूनही बघितलं. नवऱ्याचं हृदय किती झेपवू शकतं, याबद्दलचा विश्वास या शेवटच्या गटात ठळकपणे वाढला. नुसतं बघून तेवढा वाढला नाही. पायांना कळलं, तेव्हा मनाला पटलं.

मी ते माझ्यापुरतं केलं. तिच्या वेगाने, तिच्या श्वासाला श्वास जुळवून, बोलता येईल इतपत चालीने तिच्याबरोबर चालू लागलो. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दोन आठवड्यांनी वीस. ती दमत होती पण मोडत नव्हती, हे मला चालताना कळलं.

त्याच सुमारास तिचं दुपारचं रडणं लक्षात आलं. बायपासनंतर पाचातल्या एकाला तरी खरं नैराश्य येतं आणि त्यात औषधपाणी, व्यायाम, खाणं सगळंच ढासळतं. रडू दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप-भूक गेली तर हृदयाच्या डॉक्टरांना ते दम लागण्याइतक्याच गांभीर्याने सांगावं. 'एवढं मोठं ऑपरेशन निभावलं, आता रडतेस काय' हे वाक्य मी एकदा बोललो. ते बोलायला नको होतं.

बोलण्याचा जखमेशी थेट संबंध असतो, हे ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांचे पती रोनाल्ड ग्लेसर यांनी २००५ मध्ये मोजून दाखवलं. त्यांनी ४२ जोडप्यांच्या हातावर निर्वात नळीने बारीक फोड उठवले. रुग्णालयातल्या एका मुक्कामात जोडप्यांनी एकमेकांना आधार देणारं बोलायचं, दुसऱ्यात वादाच्या विषयावर. वादानंतर जखमा सावकाश भरल्या. दोन्ही वेळा टोचून बोलणाऱ्या जोडप्यांत तर भरण्याचा वेग सौम्य जोडप्यांच्या साठ टक्केच होता.

रोचेस्टर विद्यापीठातल्या कॅथलीन किंग आणि हॅरी रीस यांनी बायपास झालेल्या २२५ जणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला. संसारात समाधानी असलेल्या बायकांपैकी ८३ टक्के पंधरा वर्षांनी हयात होत्या, असमाधानी बायकांपैकी २८ टक्के. अविवाहित बायकांचं प्रमाणही जवळजवळ तेवढंच, २७ टक्के. पुरुषांचं वेगळं: समाधानी ८३, असमाधानी ६०, अविवाहित ३६. म्हणजे पुरुषाला नुसतं लग्न असण्याचाही फायदा दिसतो. बाईला नवरा आहे एवढ्याने काही होत नाही, तो कसा आहे यावर सगळं असतं. असा मागोवा कारण सिद्ध करत नाही हे मला ठाऊक आहे. तरी ते २८ आणि २७ हे आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

आता काळजी घेणाऱ्याच्या शरीराबद्दल. याच कीकोल्ट-ग्लेसर यांनी १९९५ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि त्याच वयाच्या इतर १३ बायका घेतल्या आणि प्रत्येकीच्या हातावर कोपराच्या खाली साडेतीन मिलिमीटरची जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९९ मध्ये शुल्झ आणि बीच या संशोधकांना दिसलं, की जोडीदाराची सेवा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका इतरांहून ६३ टक्के जास्त होता. सेवा करूनही ताण न जाणवणाऱ्यांत तो तसा वाढलेला नव्हता. म्हणून रात्रीची एक पाळी मुलीने घेणं, शेजारच्या वहिनींना दुपारी तासभर बसायला सांगणं, हे लाजेचं काम नाही.

दहाव्या आठवड्यात हिने वही मागितली. पानावर उभी रेघ मारून तिने एक नवा रकाना केला आणि बीपीच्या यंत्राचा पट्टा माझ्यासमोर धरला. "अहो, हात पुढे करा. तुमचं कधी मोजलंय?" १५२ आणि ९४ आलं. तिने ते लिहिलं आणि म्हणाली, "पाच मिनिटं गप्प बसा. पुन्हा बघू."