वाढदिवसासाठी घरच्या घरी लॉलीपॉप: साचे नेण्याआधी हे वाचा

पार्टीसाठी साचे आणि काड्या नेल्या की दोन दिवसांनी येणारे फोन ठरलेले असतात: 'पाक साखरला' नाहीतर 'गोळ्या हाताला चिकटतात'. म्हणून हा कागद सामानासोबत देतोय.

आधी एक गल्लत दूर करू. लाडवांचा गोळीबंद पाक म्हणजे गोळीचा पाक नव्हे. गोळीबंद पाक ११५ ते १२० अंश सेल्सिअसला होतो आणि त्याची गोळी बोटाने दाबली की चेपते. कडक गोळीला १५० अंश लागतात. तिथे पाण्याचा अंश जेमतेम उरतो, म्हणून ती काचेसारखी होते.

पाडव्याची साखरगाठी आठवा. तिच्यात साखरेचा दाणा धरतो, म्हणून ती पांढरी दिसते. गाठीत जे हवं तेच इथे नको. दाणा धरू नये म्हणून लिक्विड ग्लुकोज घालायचं. ते मध घेतो तसं बोट ओलं करून घ्या, नाहीतर भांडं, चमचा, मनगट सगळं बरबटतं.

प्रमाण: साखर ४०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १५० ग्रॅम, पाणी १५० मिली. सांडलवंड धरून दहा-दहा ग्रॅमचे चाळीसेक लॉलीपॉप होतात.

जाड बुडाच्या पातेल्यात साखर विरघळेपर्यंतच ढवळा. कडेला उडालेले दाणे ओल्या ब्रशने खाली उतरवा. उकळी आली की चमचा बाजूला. ढवळायचा मोह होतोच, पण तिथेच पाक साखरतो. १४० नंतर तापमान भराभर चढतं, तेव्हा दारावरची बेल वाजली तरी कुणा दुसऱ्याला पाठवा.

पुण्यापुरती एक सूचना. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर राहतो, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरून बघा. ९८ दाखवला तर तो बरोबर आहे आणि तुमचा पाक १४८ लाच तयार होईल. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाका. वाकला तर अजून उकळा. चिक्कीसारखा कटकन तुटला तर गॅस बंद करा आणि पातेल्याचं बूड क्षणभर गार पाण्यात टेकवा.

बुडबुडे बसले की रंग, इसेन्स आणि अर्धा चमचा सायट्रिक ॲसिड घाला. ॲसिड सुरुवातीलाच घातलं तर उकळताना साखर फुटते आणि गोळी चिकट राहते. रंग खाण्याचाच घ्या, तोही सुईच्या टोकावर मावेल इतका. इसेन्स घालताना तोंड लांब ठेवा, वाफ भसकन येते.

आता थीम. सध्या अंतराळाची मागणी जास्त आहे. गोल साच्याच्या तळाशी चांदीच्या वर्खाचे दोन-तीन कण टाकून वर निळा पाक ओता. उजेडात धरला की आत चांदण्या दिसतात. बाजारातली चमकी मात्र 'खाण्यायोग्य' लिहिलेली असेल तरच घ्या, बरीचशी नुसती सजावटीची असते. साचे सिलिकॉनचे हवेत. चॉकलेटचे पातळ प्लास्टिकचे साचे आम्हीच विकतो, पण या कामाला ते नकोत, वाकतात.

जून ते सप्टेंबर जरा जपून. आमची पहिली खेप जुलैतल्या संध्याकाळी केली होती. रात्रभर ताटात उघडी ठेवली आणि सकाळी ताटासकट एकच गोळी झाली. गार झाल्याबरोबर प्रत्येक लॉलीपॉप पिशवीत बांधा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रीजमध्ये नको, बाहेर काढला की दव धरतो.

पाक उकळताना मुलं स्वयंपाकघराबाहेर. तो कातडीला चिकटून भाजत राहतो. पोळलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट नको. पोळलेली जागा मोठी असेल तर डॉक्टरांकडे जा. चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळी देऊच नका, घशात अडकते. मोठ्यांनीही बसूनच खावी, म्हणजे लॉलीपॉप संगीतखुर्चीनंतर वाटा.

पातेलं घासत बसू नका. पाणी भरून उकळा, सगळं आपोआप सुटतं.