बसतो म्हणजे चालतो असं नाही: ब्रेकचा मास्टर आणि क्लचचा मास्टर

स्टँडर्ड हेरल्ड या जुन्या गाडीचं बॉनेट उघडायचं म्हणजे मडगार्डसकट अख्खं नाक पुढे पलटायचं, आणि मग ड्रायव्हरच्या पायांसमोर दोन मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की पिस्टनने ऑइल पाइपमध्ये ढकलणारे) शेजारी शेजारी दिसतात, एक ब्रेकचा आणि एक क्लचचा. तशीच ऑइलची डबी, तसाच दोन बोल्टचा फ्लँज, मागून पेडलचा दांडा. ओळखायचं सोपं आहे, पाइप कुठे जातोय ते बघा, गिअरबॉक्सकडे गेला तो क्लचचा आणि चाकांकडे गेला तो ब्रेकचा. पण हे गाडीवर असताना. दुकानाच्या काउंटरवर दोन्ही धूळ खात पडलेले असतात तेव्हा पाइप नसतो, आणि दुकानदार म्हणतो "सेम टु सेम आहे साहेब, घेऊन जा".

आमच्या आतेभावाचं नेमकं हेच झालं. ब्रेकचा मास्टर मागून गळायला लागला, पायाखालच्या कार्पेटचा आणि पेडलच्या रंगाचा सत्यानाश (ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं की लगेच पाणी ओता, नुसतं पुसत बसू नका). नवा आणला, दोन बोल्टात बसला, पाइपमधली एअर काढली, आणि पेडल असं टणक लागलं की गल्लीतले सगळे खुश, वा काय ब्रेक झालाय म्हणून. दुसऱ्या दिवशी पेडर रोडवरून हाजी अलीकडे उतरताना साहेब पेडलवर जवळजवळ उभे राहिले तेव्हा कुठे गाडी थांबली. घरी येऊन बॉडीवरचा ओतीव आकडा पुसून बघितला तर .75. जुन्यावर होता .625.

सगळा घोळ इथे आहे. गर्लिंग कंपनीच्या त्या जातीच्या सिलिंडरात 0.625, 0.70 आणि 0.75 इंच असे बोअर (आतल्या भोकाचा व्यास) येतात, म्हणजे साधारण 15.9, 17.8 आणि 19 मिलिमीटर, आणि बाहेरून फरक दिसत नाही. वाटतं 3 मिलिमीटरने काय होतंय, पण हिशेब व्यासाचा नसतो, क्षेत्रफळाचा असतो. 0.75 ला 0.625 ने भागून वर्ग करा, 1.44 येतात. पायाचा जोर तोच ठेवला तर मोठ्या बोअरमध्ये प्रेशर जवळपास 30 टक्के कमी बनतं. आणि ऑइल मात्र तेवढ्याच हालचालीत 44 टक्के जास्त ढकललं जातं, म्हणून पेडल थोडंच खाली जातं आणि कडक लागतं. कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक हा समज इतका घट्ट बसलाय ना आपल्याकडे, की काय सांगायचं. चाकातले व्हील सिलिंडर (ब्रेक शू ढकलणारे) तेच आहेत, त्यांना प्रेशर हवंय, पेडल कसं वाटतं याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही.

क्लचचं गणित उलटं. तिथे स्लेव्हचा (गिअरबॉक्सकडचा, क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर) दांडा पुरेसा सरकला पाहिजे, म्हणजे ऑइल किती गेलं ते महत्त्वाचं. मोठ्या बोअरच्या जागी छोटा लावलात तर पेडल लोण्यासारखं हलकं लागेल पण क्लच पूर्ण सुटणार नाही, रिव्हर्स टाकताना कर्रर्र, सिग्नलला पहिला गिअर पडत नाही. मग मेकॅनिक म्हणणार प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवू. हेरल्डचा गिअरबॉक्स सीट काढून गाडीच्या आतून बाहेर काढावा लागतो, पूर्ण दिवस गेला. त्याआधी कोणालातरी पेडल दाबायला बसवा, खाली वाकून स्लेव्हचा दांडा पट्टीने मोजा आणि मॅन्युअलशी ताडून बघा, फुकटात होतं.

दुसरा फरक तर दिसतच नाही. ड्रम ब्रेकवाल्या बऱ्याच जुन्या मास्टरमध्ये एक छोटा चेक व्हॉल्व्ह असतो, पाय काढल्यावरही लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय दाब धरून ठेवणारा, म्हणजे व्हील सिलिंडरच्या रबराचे ओठ भिंतीला टेकलेले राहतात आणि हवा आत ओढली जात नाही. ड्रमला हे बरं. पण हाच मास्टर क्लचला लावला तर स्लेव्ह पूर्ण मागे येत नाही, रिलीज बेअरिंग (क्लच दाबून सोडवणारं) सतत टेकून राहतं, आणि जुन्या गाड्यांमधलं कार्बनचं बेअरिंग असेल तर ते घासून संपतं. म्हणून ब्रेकचा मास्टर क्लचला लावायच्या आधी तो व्हॉल्व्ह आहे का बघा, असेल तर लावूच नका.

कुर्ल्याला सीएसटी रोडला किंवा चोर बाजारात जाणार असाल तर जुना मास्टर पिशवीत आणि व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) खिशात. आकड्यावर पण आंधळा विश्वास नको, जुन्या सिलिंडरला कोणी आत स्लीव्ह (नळी) टाकून बोअर बदललेला असू शकतो, पिस्टन काढून मोजा. पाइपचा आटा पण बघा: 3/8 यूएनएफ (इंची) आणि एम10 बाय 1 (मेट्रिक) हे इतके जवळचे आहेत की इंची नट मेट्रिक भोकात ढिला ढिला फिरत जातो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोराने पेडल दाबलं की मोकळा.

बसवताना ब्रेकच्या दांड्याला किंचित फ्री प्ले ठेवा, साधारण 1 मिलिमीटर. दांडा पिस्टनला दाबून ठेवत असेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल डबीत परत जायचं भोक बंद राहतं, ट्रॅफिकमध्ये गरम झालं की ब्रेक आपोआप चढत जातात आणि दादर येईपर्यंत ड्रमचा वास. क्लचला हवा काढायचे दोन निपल शोधू नका, स्लेव्हवर एकच असतो आणि तो वरच्या बाजूला यायला हवा, नाहीतर हवा निघणारच नाही, जन्मभर पंप मारा. ब्रेकला मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून हवा काढायला सुरुवात, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं.

ऑइल दोन्हीकडे एकच चालतं, डॉट 3 किंवा 4, इंजिन ऑइलचा थेंबसुद्धा नको, रबर फुगतं. सिलिकॉनचं डॉट 5 यात मिसळू नका. आपल्या दमट हवेत हे डॉट 3-4 पाणी पीतं, डॉट 4 चा उकळबिंदू कोरडं असताना किमान 230 अंश असतो, पाणी प्यायल्यावर 155 पर्यंत खाली येऊ शकतो, आणि तेच पाणी सिलिंडर आतून गंजवतं. क्लचचं ऑइल तर कोणी बदलतच नाही, आतेभावाच्या क्लचमधून निघालं ते कटिंग चहासारखं होतं.