रात्रपाळीला संमती: ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या कार्यसंस्कृतीची पार्श्वभूमी

ऐरोली, महापे, घणसोलीच्या कंपन्यांत हल्ली सर्वसमावेशकतेची सत्रे होतात आणि नव्या टीम लीडना नेतृत्वाचे प्रशिक्षण मिळते. पण पाळ्यांचे रोस्टर कोण लावते आणि त्याला ‘नाही’ म्हणायची सोय कोणाला असते, हा प्रश्न त्यात क्वचित येतो. या पट्ट्यात बाईला साहेबाच्या खुर्चीपर्यंत पोहोचता येते की नाही, हे बराच काळ याच प्रश्नावर अडून राहिले आहे.

वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडची टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक वसाहत ही साठच्या दशकातली. तिथे रसायने, औषधे आणि इंजिनीअरिंगचे कारखाने आले. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे बाईला संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामाला ठेवता येत नसे. राज्य सरकारला वेळा थोड्या बदलता येत, पण रात्री १० ते पहाटे ५ या वेळेला हात लावता येत नसे. हेतू संरक्षणाचा होता. मात्र रासायनिक प्लांट तीन पाळ्यांत चालतो आणि तिथली बढतीची वाट ऑपरेटर, शिफ्ट इन्चार्ज, मग प्लांट मॅनेजर अशी असते. ज्याने रात्र काढली नाही त्याच्या हाती पाळी कोण देणार? त्यामुळे बायका पॅकिंग, प्रयोगशाळा आणि ऑफिसच्या जनरल शिफ्टमध्येच राहिल्या. कारखान्यातले वरिष्ठ पुरुषच का, याचे निम्मे उत्तर या वेळापत्रकात आहे.

२००० च्या आसपास कॉल सेंटर आणि आयटी आले आणि ही चौकट मोडली. परदेशातल्या ग्राहकाचा दिवस म्हणजे इथली रात्र. दुकाने आणि आस्थापनांच्या जुन्या कायद्यातही बायकांच्या रात्रकामाला मनाई होती, पण या उद्योगाला सरकारी सवलतीतून वाट मिळाली. २००० मध्येच दुसऱ्या एका राज्याच्या उच्च न्यायालयाने कारखान्यांतली बंदी घटनाबाह्य ठरवली. बंदी उठवायची की ठेवायची, यावर वाद पेटला तो तेव्हापासून.

दोन्ही बाजूंचे म्हणणे आजही ऐकण्यासारखे आहे. बंदी म्हणजे संरक्षणाच्या नावाखाली दार बंद करणे, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसरी बाजू विचारत होती की दार उघडले आणि रस्ता तसाच अंधारा राहिला, तर फायदा कोणाचा? तिची भीती पोकळ नव्हती. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर कंपनीच्याच गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. त्यानंतर पिकअप-ड्रॉपचे नियम, गाडीत सुरक्षारक्षक, शेवटी उतरणारी बाई एकटी नसावी, या गोष्टी ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत गांभीर्याने बोलल्या जाऊ लागल्या.

महाराष्ट्राने २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मधला मार्ग काढला. कायदा लागू असलेल्या आस्थापनेत रात्री ९:३० ते सकाळी ७ या वेळेत बाईला तिच्या संमतीने काम करता येते. तिची प्रतिष्ठा आणि सुरक्षितता जपणे, लैंगिक छळापासून संरक्षण देणे आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवणे ही मालकाची जबाबदारी. केंद्राच्या २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेनेही कारखान्यांसह सगळीकडे संमतीचीच अट धरली.

माझ्या मते निर्णय योग्य होता, पण सगळा भार एका सहीवर पडला. नोकरीत रुजू होतानाच्या कागदांच्या गठ्ठ्यात संमतीपत्र असेल, तर नवी मुलगी ते बाजूला काढून ‘यावर सही करत नाही’ म्हणेल का? आणि सहा महिन्यांनी, घरी आजारी माणूस असताना तिने रात्र नाकारली, तर अप्रेझलला तेच ‘फ्लेक्सिबल नाही’ म्हणून लागते का? अशा नकाराबद्दल कायदा थेट बोलत नाही. इथून पुढे टीम लीडची नियत आणि हिंमत लागते. नकारामागचे कारण न खोदता पाळी बदलून देणे, आणि ती नोंद बढतीच्या चर्चेत येऊ न देणे, हे मला नेतृत्वाचे खरे कौशल्य वाटते. ते प्रेझेंटेशनमधून शिकवता येत नाही, वरच्याला तसे वागताना पाहूनच खालचा शिकतो.

बाकीचे कायदेही २०१० नंतरच्याच दशकातले. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली आणि कंत्राटावरच्या हाउसकीपिंगच्या बायकांनाही कर्मचारी मानले. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्यांना पाळणाघराची अट आली.

सध्या सर्वांत दुर्लक्षित आहे ती दुपारी २ ते रात्री ११ ची सेकंड शिफ्ट. तिला कोणी नाईट म्हणत नाही, भत्ताही नाईटचा नसतो. पण ९:३० नंतरचा दीड तास कायद्याच्या रात्रीत मोडतो, म्हणजे संमती आणि घरापर्यंतची गाडी तिथेही लागू. या पट्ट्यातून जाणारी ट्रान्स-हार्बरची लोकल २००४ पासून आहे, जानेवारी २०२४ मध्ये तिच्यावर दिघा गाव स्थानकही सुरू झाले. तेवढ्यावर ‘ट्रेन आहे ना’ म्हणून गाडी नाकारली जात असेल, तर ते कायद्यात बसत नाही.